तीनशे चौरस फुटांचे घर: ठाणे ते डोंबिवली

डोंबिवलीत चौदाव्या मजल्यावर तीनशे चौरस फुटांचे घर पूर्णपणे कायदेशीर असू शकते. त्याला बँक कर्ज देते, महापालिका नळजोडणी देते, निबंधक करारनामा नोंदवतो. पण त्याच कुटुंबाने कल्याण तालुक्यात एक गुंठा जमीन घेतली आणि तिच्यावर तीनशे चौरस फुटांची तयार केबिन क्रेनने आणून ठेवली, तर ती बहुधा बेकायदा ठरते. क्षेत्रफळ तेच, माणसे तीच, आणि दुसऱ्या ठिकाणी तर जमीनही स्वतःची. तरी पहिले घर चालते आणि दुसऱ्यावर हातोडा पडू शकतो.

याचे कारण असे की नियोजनाचा कायदा घराच्या आकाराआधी जमीन पाहतो. ती कोणत्या वापरासाठी राखली आहे, तिच्यापर्यंत रस्ता, पाणी आणि सांडपाण्याची वाट आहे का, आणि तिच्यावर किती बांधकाम सोसेल, हे प्रश्न आधी सुटावे लागतात. घर लहान असल्याची सवलत त्यानंतर येते, आणि तीही काही ठिकाणीच.

जमिनीचा रंग

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये झाला. प्रत्येक शहराचा विकास आराखडा याच कायद्याखाली तयार होतो. आराखड्याच्या नकाशावर निवासी, वाणिज्य, औद्योगिक, हरित किंवा शेती असे विभाग वेगवेगळ्या रंगांत दाखवलेले असतात. शाळा, उद्याने आणि रुंद होणार असलेले रस्ते यांची आरक्षणेही त्याच नकाशावर असतात. कोणत्या विभागात काय आणि किती बांधता येईल हे २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत सांगितले आहे. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रे वगळता राज्यभर ही एकच नियमावली लागू आहे, ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतही.

नियमावली एक असली तरी परवानगी देणारे कार्यालय सगळीकडे एक नाही. ठाणे महापालिका १९८२ ची, कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ ची. पण डोंबिवलीच्या एमआयडीसी क्षेत्रात परवानगी औद्योगिक विकास महामंडळ देते आणि तिथली नियमावलीही वेगळी आहे. कल्याणच्या सत्तावीस गावांचा प्रश्न तर अनेक वर्षे चिघळत राहिला. ती कधी महापालिकेत आली, कधी बाहेर गेली, आणि नियोजनाचा अधिकार काही काळ मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) होता. म्हणून या पट्ट्यात जागा पाहताना सर्वात आधी विचारायचा प्रश्न भावाचा नसतो. इथले नियोजन प्राधिकरण कोणते, हे आधी विचारावे लागते. त्या प्राधिकरणाच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि विभाग नकाशा मिळतो. सर्व्हे क्रमांक निवासी विभागात आहे, हरित विभागात आहे की त्याच्यावरून एखादा नियोजित रस्ता जातो, हे त्या दोन कागदांवर दिसते.

कल्याणमध्ये आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे पूररेषा. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी निळ्या रेषेने दाखवतात आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषेने. नदी आणि निळी रेषा यांच्यामधल्या पट्ट्यात घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी मिळू शकते. उल्हास आणि वालधुनीच्या काठची जमीन स्वस्त असते, पण ती स्वस्त का आहे हे या रेषा सांगतात. ठाण्याच्या बाजूला येऊरचा परिसर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र २०१६ मध्ये अधिसूचित झाले. खाडीकाठी किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत. निसर्गात टुमदार घर असावे असे वाटणाऱ्याला जिथे जावेसे वाटते, नेमक्या त्याच जागी नियम सर्वात कडक आहेत.

एक गुंठा आणि एक केबिन

सातबाऱ्यावर आपले नाव लागले की त्या जमिनीवर घर बांधता येते, असा समज खोलवर रुजलेला आहे. प्रत्यक्षात सातबारा महसुलाची नोंद दाखवतो. बांधकामाच्या परवानगीशी त्याचा थेट संबंध नाही.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे असे तुकडे पाडून विकण्याला तुकडेबंदी कायद्याने १९४७ पासून आडकाठी घातली आहे. शेतजमीन घेणारा शेतकरी असावा, ही अट १९४८ च्या कूळकायद्यात आहे. शहरालगतच्या जुन्या तुकड्यांना नियमित करण्यासाठी शासनाने अलीकडे सवलती दिल्या आहेत. पण त्या सवलतीतून तुकड्याचा व्यवहार नियमित होतो, त्यावरच्या घराला मंजुरी मिळत नाही. ती वेगळीच मिळवावी लागते.

शेती विभागात घर अजिबात बांधता येत नाही असे नाही. शेतघराला परवानगी आहे, पण त्यासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ चाळीस गुंठे जमीन लागते, आणि ती प्रत्यक्ष शेतीखाली असावी लागते. घर एका गुंठ्याहून कितीही लहान असले तरी ही अट सुटत नाही. कारण इथे एकट्या घराचा विचार नसतो. शंभर माणसांनी शंभर गुंठ्यांवर शंभर छोटी घरे बांधली, तर रस्ता, गटार आणि पाण्याशिवायची एक नवी वस्ती उभी राहते. ठाणे जिल्ह्यात अशा वस्त्या कशा वाढत गेल्या हे सगळ्यांनी पाहिले आहे, आणि त्यांना मागाहून नळ आणि रस्ते पुरवताना महापालिकांची कशी दमछाक होते हेही.

केबिनला पाया नाही, ती उचलून नेता येते, मग तिला बांधकाम कसे म्हणायचे, असाही प्रश्न विचारला जातो. १९६६ च्या कायद्यात ‘विकास’ या शब्दाची व्याख्या बरीच रुंद आहे. जमिनीच्या वापरात होणारा ठळक बदलही त्या व्याख्येत येतो. शेतजमिनीवर केबिन ठेवून तिच्यात राहू लागणे हा असाच बदल आहे. पावसाळी शेड किंवा बांधकामाच्या जागेवरचे कार्यालय यांना तात्पुरती परवानगी मिळते, पण ती मुदतीपुरती असते आणि राहण्यासाठी नसते. विनापरवाना विकासासाठी याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा सांगितली आहे. कलम ५३ खाली नोटीस देऊन बांधकाम काढून टाकता येते.

मालवाहू कंटेनरचे घर करायचे असेल तर आणखी एक अडचण येते. प्रमाणित कंटेनरची आतली रुंदी सुमारे २.३५ मीटर आणि उंची सुमारे २.३९ मीटर असते. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या खोलीची रुंदी किमान २.४ मीटर आणि उंची किमान २.७५ मीटर हवी. म्हणजे उष्णतारोधक अस्तर लावण्याआधीच कंटेनर दोन्ही मापांत कमी पडतो. जास्त उंचीचा कंटेनर घेतला तरी त्याची आतली उंची २.६९ मीटरच भरते. दोन कंटेनर जोडून मधली भिंत काढली तर रुंदीचा प्रश्न सुटतो, उंचीचा सुटत नाही. चाकांवरच्या घराची गोष्ट वेगळी आहे. ते मोटार वाहन कायद्याखाली वाहन म्हणून नोंदवले जाते. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन धोरण आणले, पण ते पर्यटनासाठी. त्यातून कायमचा निवासी पत्ता मिळत नाही.

स्वतःच्या छोट्या भूखंडावर बांधायचेच असेल तर रीतसर वाट आहे, आणि ती आता पूर्वीपेक्षा सोपी आहे. भूखंड निवासी विभागात आणि मंजूर अभिन्यासात (लेआउटमध्ये) असला पाहिजे. तो १५० चौरस मीटरपर्यंतचा असेल, तर नोंदणीकृत तज्ज्ञाच्या सहीचा नकाशा सादर करून शुल्क भरले की त्याच आधारावर काम सुरू करता येते. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडांसाठी दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. अडचण एवढीच की ठाणे किंवा डोंबिवलीच्या हद्दीत असा भूखंड सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात क्वचितच असतो. म्हणून इथले छोटे घर जवळजवळ नेहमी इमारतीतच असते: रूम-किचन, वन आरके, फार तर वन बीएचके.

एका गोळ्याच्या किती भाकऱ्या

इमारतीत लहान घरे का निघतात, हे चटई क्षेत्र निर्देशांकावरून म्हणजे एफएसआयवरून समजते. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हे तो आकडा सांगतो. नव्या नियमावलीत दाट वस्तीबाहेरच्या निवासी भागासाठी मूळ निर्देशांक १.१ आहे. अधिमूल्य भरून किंवा हस्तांतरणीय विकास हक्क विकत घेऊन तो वाढवता येतो. किती वाढवता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते.

एक हजार चौरस मीटरच्या भूखंडावर मूळ निर्देशांकाने ११०० चौरस मीटर बांधता येते. हा पिठाचा मळलेला गोळा समजावा. त्याच्या ११० चौरस मीटरच्या दहा भाकऱ्या करता येतील किंवा ५५ च्या वीस. पीठ वाढत नाही. पण भाकऱ्यांची संख्या वाढली की प्रत्येकीसाठी वेगळा ओटा, वेगळी मोरी, वेगळा संडास, वेगळी नळजोडणी आणि वेगळे वीजमीटर लागते. घरातला सर्वात खर्चिक भाग हाच असतो. त्यामुळे लहान घराची एकूण किंमत कमी दिसली तरी चौरस फुटाचा दर बहुधा जास्त पडतो. दुकानात छोटी पुडी मोठ्या पिशवीपेक्षा किलोमागे महाग पडते, त्यातलाच हा प्रकार आहे असे मानून ग्राहक तो स्वीकारतो. पण दर जास्त असण्यामागे खरे कारण आहे, हे त्याला माहीत असावे.

लहान घरे केवळ बाजाराच्या मागणीमुळे निघतात असेही नाही. काही ठिकाणी नियमच ती बांधायला लावतो. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प करणाऱ्याला मूळ निर्देशांकाच्या वीस टक्के क्षेत्र अल्प व अत्यल्प उत्पन्न गटांच्या घरांसाठी ठेवावे लागते. ही सर्वसमावेशक गृहनिर्माणाची तरतूद २०१३ मध्ये आली. २०११ च्या जनगणनेनुसार ठाण्याची लोकसंख्या अठरा लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची बारा लाखांवर होती, म्हणून दोन्ही शहरे तिच्या कक्षेत येतात. ही घरे साधारण ३० ते ५० चौरस मीटरची, म्हणजे ३२३ ते ५३८ चौरस फुटांची असतात आणि म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीतून दिली जातात. सोडतीच्या जाहिरातीतली ‘२० टक्के योजना’ ती हीच. कल्याण तालुक्यातल्या शिरढोण आणि खोणी इथली म्हाडाची घरे मात्र प्रधानमंत्री आवास योजनेतली आहेत. त्या योजनेत अत्यल्प उत्पन्न गटाच्या घराची मर्यादा ३० चौरस मीटर चटई क्षेत्राची आहे.

करातही लहान घराला झुकते माप आहे. बांधकाम चालू असलेले घर घेताना ६० चौरस मीटरपर्यंतचे चटई क्षेत्र आणि ४५ लाखांपर्यंतची किंमत या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तर वस्तू व सेवा कर एक टक्का लागतो, नाहीतर पाच टक्के. देशात इतरत्र ही मर्यादा ९० चौरस मीटरची आहे. मुंबई महानगर प्रदेश महानगरांत गणला गेल्याने ठाणे-कल्याणला ६० ची मर्यादा लागू होते. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर हा कर लागत नाही.

किती लहान चालते

राष्ट्रीय इमारत संहिता किमान मापे देते. त्यामागे आरोग्याचा विचार आहे. फार अरुंद खोलीत हवा खेळत नाही आणि फार बसक्या छताखाली उष्मा साचतो.

┌──────────────
चौकट: किमान मापे
राहती खोली (घरात एकच असल्यास): ९.५ चौरस मीटर, सुमारे १०२ चौरस फूट, रुंदी २.४ मीटर
स्वयंपाकघर: ५ चौरस मीटर, तिथेच जेवायचे असल्यास ७.५ चौरस मीटर
न्हाणीघर: १.८ चौरस मीटर, संडास १.१, दोन्ही एकत्र असल्यास २.८ चौरस मीटर
राहत्या खोलीची उंची: २.७५ मीटर, सुमारे नऊ फूट
खिडक्या-झरोके: उष्ण-दमट हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश
└──────────────

एक खोली, जेवण्यापुरते स्वयंपाकघर आणि एकत्र न्हाणीघर-संडास यांची बेरीज १९.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २१३ चौरस फूट होते. आतल्या भिंती आणि येण्याजाण्याची जागा धरली की घर अडीचशेच्या जवळ जाते. बाजारात याहून बरेच लहान घर मिळत असेल, तर त्यातली एखादी खोली मंजूर नकाशात दुसऱ्याच नावाने दाखवलेली असण्याची शक्यता असते. असा नकाशा मागून पाहावाच.

जाहिरातीतला आकडा आणि पायाखालची जागा यांत पूर्वी मोठी तफावत असे. जिना, लॉबी आणि उद्वाहकाचा वाटा मिळवून ‘सुपर बिल्ट-अप’ सांगितले जाई. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या पक्की केली. आतल्या भिंती त्यात धरतात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. मोठ्या घरात बाल्कनीचे चाळीस चौरस फूट इकडे की तिकडे याने फारसे बिघडत नाही. तीनशे फुटांच्या घरात ते आठव्या हिश्श्याहून जास्त असतात. म्हणून करारनाम्यातला चटई क्षेत्राचा आकडा स्वतः टेप लावून मोजणे हे लहान घर घेणाऱ्याने आवर्जून करावे.

माळा, टाकी आणि भिंत

लहान घरात उंची हीच खरी शिल्लक असते, आणि जुन्या चाळींनी ती पोटमाळ्यासाठी वापरली. आजच्या नियमात पोटमाळा हा फक्त सामान ठेवण्यासाठी आहे आणि त्याची उंची दीड मीटरपर्यंतच असते. त्यावर झोपायची सोय करणे नियमात बसत नाही. उन्हाळ्यात छताखालची गरम हवा तिथेच साठते आणि आग लागली तर धूरही आधी तिथेच भरतो, हे पाहता ही मर्यादा योग्यच आहे.

पाणी एकदिवसाआड येणाऱ्या भागात घरोघरी टाक्या असतात. राहत्या घराची जमीन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वाढीव भार धरून रचलेली असते. पाचशे लिटरची भरलेली टाकी म्हणजे पाचशे किलो, आणि ती जेमतेम एका चौरस मीटरवर उभी असते. पोटमाळ्याची फळी तर याहून कितीतरी कमी भारासाठी असते. टाकी ठेवायचीच असेल तर लहान असावी, खोलीच्या मधोमध न ठेवता तुळईलगत ठेवावी, आणि एकाच जागी दोन टाक्या कधीही ठेवू नयेत. लोखंडी कपाटे आणि पुस्तकांनाही हेच लागू आहे.

शेजारचे घर घेऊन दोन वन आरकेंची ‘जोडी’ करण्याची पद्धत डोंबिवलीत जुनी आहे. काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारतीत भार तुळया आणि खांब वाहतात, मधली विटांची भिंत बहुधा केवळ आडोसा असते. जुन्या, भिंतींच्या आधारावर उभ्या असलेल्या इमारतीत मात्र तीच भिंत वरचे मजले पेलत असते. दिसायला दोन्ही सारख्याच असतात, म्हणून संरचना अभियंत्याला दाखवल्याशिवाय आणि महापालिका व सोसायटीच्या परवानगीशिवाय भिंतीला हात लावू नये.

पावसाळ्याचे चार महिने ही लहान घराची खरी परीक्षा. घरातली हवा मोजकी असते. तीत स्वयंपाकाची वाफ, माणसांचा श्वास आणि आतच वाळत घातलेले कपडे यांचा ओलावा मिसळतो. ही दमट हवा बाहेरच्या बाजूच्या गार भिंतीला लागली की तिथे पाणी सुटते आणि बुरशी धरते. म्हणून न्हाणीघरात आणि ओट्याच्या वर पंखा हवा, आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे हवे. गॅलरी काचेने बंद करून खोली वाढवताना बऱ्याचदा घरातला हवेचा एकमेव झोत बंद होतो, याचा विचार आधी करावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. त्यामुळे ओट्याखालची जाळी कधीही बुजवू नये.

सोसायटीचा हिशेब

लहान घर म्हणजे लहान देखभाल खर्च, ही अपेक्षा सहकारी गृहनिर्माण संस्थेत खोटी ठरते. आदर्श उपविधीनुसार सेवा शुल्क सर्व सदनिकांना समान असते. रखवालदार, सफाई कामगार आणि जिन्यातला दिवा हे सगळ्यांसाठी सारखेच, असा त्यामागचा तर्क आहे. पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर ठरतो. दुरुस्ती निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि निक्षेप निधी किमान ०.२५ टक्के असतो, त्यामुळे हे दोन मात्र लहान घराला कमी भरावे लागतात. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या इमारतीत खर्चाची वाटणी प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्यावर होते. टोलेजंग संकुलात सर्वात लहान घर घेण्याआधी त्या संकुलाच्या पोहण्याच्या तलावाचा खर्च कोणत्या पद्धतीने वाटला जाणार आहे, हे विचारणे शहाणपणाचे आहे.

कागद

४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा इथली अनधिकृत इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ जणांचा जीव गेला. अशा इमारतींत घर घेणारे लोक मोठ्या घराची ऐपत नसलेलेच असतात. नियम मोडण्याची किंमत छोट्या घराचा ग्राहकच सर्वात जास्त मोजतो.

तीन कागदांना पर्याय नाही: मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र. मालमत्ता कराची पावती त्यांची जागा घेऊ शकत नाही. महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते, वर शास्तीही लावते, आणि तो भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. वीजबिलाचेही तसेच. स्थावर संपदा कायद्याखालच्या प्राधिकरणाची, म्हणजे महारेराची नोंदणी पाहावी, पण तिथेच थांबू नये. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठपर्यंत घरांच्या प्रकल्पाला ती नोंदणी बंधनकारकच नाही. आणि डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींच्या प्रकरणात महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे क्रमांक मिळवले गेले होते. त्या इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. तिथे घरे घेणाऱ्या अनेक कुटुंबांनी कर्ज काढले होते आणि करारनामे नोंदवले होते.

म्हणून विक्रेत्याने दिलेल्या छायाप्रतीवर विसंबू नये. प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्यावी, टोकन देण्याआधी संबंधित महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ती नोंद तिथल्या दप्तरात आहे का ते पडताळावे, आणि तोंडी उत्तरावर समाधान न मानता माहितीच्या अधिकारात लेखी उत्तर मागावे. या अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची.